पँटीचे गुडघे

मुलाच्या पँटीचे दोन्ही गुडघे फाटले होते पण कपड्यांना धुराचा वास कधीच येत नव्हता. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणातून याला काढलंय आणि हा कुठेतरी फरशा पुसतोय, असा आईला दाट संशय आला. ती गुपचूप केंद्राच्या कुंपणापाशी गेली.

मैदानात फळ्यांची खोटी खोली उभी होती. धुराऐवजी डोळ्यांना पट्टी बांधलेली पोरं पाण्याचा पाइप चाचपत, रांगत दाराकडे येत होती. तिच्या मुलाच्या हातून पाइप सुटला आणि मुलगा उलट्या दिशेने रांगत निघाला.

"अरे, डावीकडे," ती बोलून गेली.

प्रशिक्षक वळले. "मावशी, आगीत आई नसते. आता तो पहिल्यापासून रांगेल."

"आई, माझ्यावर पाळत ठेवतेस?" पट्टीआडून मुलगा म्हणाला.

"हो. बाहेर येतोस का, तेवढं बघून जाते."