खिंडीतली निळी खसखस

प्रिंगलसाहेबाला आमच्या गावच्या बायका 'गवत्या' म्हणायच्या. गावामागच्या युलुंग डोंगरावरची झाडंझुडपं उपटायची, कागदात दाबून वाळवायची आणि जहाजानं आपल्या देशी धाडायची, हाच त्याचा उद्योग. मी त्याची खेचरं हाकायचो. राहायचाही तो आमच्याच माडीवर.

उन्हाळ्यात खिंडीखाली त्याला निळी खसखस फुललेली दिसली. बी पिकेपर्यंत थांबायचं म्हणून त्यानं परतीचा बेत पुढं ढकलला. नेमका बर्फ लवकर पडला. "साहेब, डोंगर रागावलाय, जाऊ नका," मी म्हटलं. ऐकतो कुठला! एकटाच गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शोधून आणला. बर्फावरच्या उन्हानं त्याला दिसेनासं झालं होतं. खेचराचं शेपूट धरून ठेचकाळत आला.

माझी बायको आकुई तेव्हा तान्ह्या लेकीला पाजत होती. तिनं त्याला चुलीपाशी आडवं केलं.

"डोळे उघडा, दूध घालते."

"याकचं?"

"याक आता माडीखाली उभा आहे होय? माझं!"

साहेब कानापर्यंत लाल झाला. "वहिनी, नको..."

"गप पडा. लेकीचा वाटा देतेय, सांडू नका."

मग गावभर सांगत सुटली, "गवत्या आमच्या पोरीचा दूधभाऊ झाला!"

डोळ्यांवर पट्टी असताना तो एकदा म्हणाला, "आई गेली तेव्हा मी असाच कुठल्याशा डोंगरावर होतो. वर्षानं कळलं." आकुईनं पोर उचलून त्याच्या कुशीत ठेवली.

नजर आली तसा पुन्हा निघाला. या खेपेला मीही गेलो. बर्फ खरवडून वाळके देठ शोधले. बोंडं बहुतेक फुटलेली. चिमूटभर बी मिळालं, त्यातलं अर्धं त्यानं तिथंच मातीत दाबलं.

"अहो, याच्यासाठी डोळे घालवत होतात!"

"इतकी वर्षं नुसतं नेतच आलोय रे," तो म्हणाला.

उरलेलं बी त्याच्या देशी रुजलं नाही. पुढच्या खेपेला त्यानंच हसत सांगितलं. त्या वर्षी मात्र बर्फ उशिरा आला आणि पिशवीभर बी मिळालं. ते तिकडं फुललं, असं पुढं एका पाद्र्यानं कळवलं. साहेबानं पाहिलं नाही. तोवर पश्चिमेकडच्या खोऱ्यात तो तापानं गेला होता.

मी आकुईला फुलांचं सांगितलं. ती चूल फुंकायची थांबली.

"फुलांचं राहू दे. त्याच्या उशाशी कुणी होतं का, ते विचारलंस?"