सात थेंब की नऊ

कपाटातल्या खालच्या टाकीच्या काचेवर मी मार्करने एक रेघ मारली होती. सोमवारी सकाळी पाणी बरोबर रेघेवर होतं. मंगळवारी सकाळी ते सहा मिलिमीटर खाली गेलं होतं. फरशी कोरडी होती, पाइपांचे जोडही कोरडे होते.

"मग गेलं कुठे?" मावशीने गुडघ्यांवर बसून कपाटात डोकं घातलं.

"हवेत. पण फक्त पाणी गेलं, मीठ मागे राहिलं. म्हणून आता वरून गोडं पाणी घालायचं, खारं नाही."

"म्हणजे समुद्र खारट ठेवायचा असेल तर रोज गोडं पाणी ओतायचं." ती तशीच आत बघत राहिली. "कमाल आहे. हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

मावशी दातांची डॉक्टर. चौतीस वर्षं तिचा दवाखाना याच दोन खोल्यांत आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. ते सोडून आता लोकांच्या घरी आणि ऑफिसांत समुद्री टाक्या बसवून देते. बाहेर बसलेल्या पेशंटांना ड्रिलच्या आवाजाऐवजी काहीतरी बघायला मिळावं म्हणून दोन खोल्यांमधल्या भिंतीत प्रवाळांची टाकी हवी, असं तिने मला सांगितलं. काकांचं म्हणणं वेगळं होतं.

"एक प्रश्न टाळायचा असला की तुझी मावशी दुसरं काहीतरी बांधायला काढते. मागच्या वेळी गच्चीवर पत्रे घातले होते."

तो प्रश्न घरात सगळ्यांना माहीत होता. वर्षभरापूर्वी मावशीचा उजवा हात थरथरायला लागला. रोज नाही, फार नाही. तपासण्या झाल्या, जिवाला धोका नाही, पण वयाबरोबर वाढेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यात दुपारचे पेशंट बघणाऱ्या धाकट्या डॉक्टरने तेव्हाच सरळ विचारलं होतं : दवाखाना मी पुढे चालवू, की माझी वेगळी जागा शोधू? मावशी म्हणाली, "बघू." त्या 'बघू'ला अकरा महिने झाले होते. आता धाकटीने एक जागा पाहून ठेवली होती, आणि महिनाअखेर तिथे हो किंवा नाही कळवायचं होतं.

टाकीच्या कामात मात्र मावशी कधी 'बघू' म्हणाली नाही. वरच्या टाकीतलं पाणी खाली कसं पडतं, आधी कापडी पिशवीत कचरा कसा अडकतो, मग ते फेस काढणाऱ्या नळकांड्यात कसं जातं, हे तिने मला तीनदा सांगायला लावलं. त्या नळकांड्यात बारीक बुडबुडे वर चढतात, पाण्यातली घाण त्यांना चिकटते आणि वरच्या पेल्यात तपकिरी फेस होऊन साचते. पहिल्यांदा पेला भरला तेव्हा तिने तो उघडून नाकाशी नेला.

"शी! हे सगळं आपल्या त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात होतं?"

"होतं."

"ए शहाणे, एक पेशंट आहे माझा, रोज तीनदा दात घासतो म्हणतो. त्याला दाखवते हे."

कपाट तिने स्वतः लावलं. तिच्या अवजारांच्या ट्रेची शिस्त तिथेही आली. हीटरच्या वायरीला लाल पट्टी, पाणी वर चढवणाऱ्या पंपाच्या वायरीला निळी, फेसाच्या पंपाला पिवळी. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळीसारखी सोडलेली, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खालीच ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. हे मी एकदाच सांगितलं होतं. नंतर काकांनी नीटनेटकं दिसावं म्हणून वायरी ताणून बांधल्या, तर त्यांना तिने चांगलंच झापलं.

शिस्तीचा फटकाही एकदा बसला. जिवंत दगड म्हणजे ज्यांच्या भोकाभोकांत पाणी शुद्ध करणारे जीवाणू राहतात असे समुद्रातले दगड. ते आणून मी एक दिवस बाहेर गेले. परत आले तर मावशीने ते सगळे ऑटोक्लेव्हमध्ये, अवजारं वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालून काढले होते.

"बाहेरून आलेली वस्तू," ती अभिमानाने म्हणाली. "एक जंतू शिल्लक नाही."

"मावशी, आपण जंतूच आणले होते."

ती इतकी हसली की बाहेरचा पेशंट आत डोकावला. जीवाणू पुन्हा वाढायला सात आठवडे लागले. त्या काळात ती रोज पाण्यातला विषारी अमोनिया तपासायची; जीवाणू वाढले की तो संपतो. आकडा शून्यावर आला त्या दिवशी तिने मला फोन करून, एखाद्या पोराचा पहिला दात आल्यासारखं, सांगितलं.

मग आम्ही दोन-चार छोटे मासे आणि प्रवाळ सोडले. पहिले दोन आठवडे प्रवाळ छान उमलले. तिसऱ्या आठवड्यापासून दगडी प्रवाळांच्या फांद्यांची टोकं फिकट पडू लागली आणि वाढ थांबली. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या क्षारांतून बांधतात. त्यासाठी पाण्याची क्षारता आठ-नऊच्या आसपास असावी लागते. मी वही बघितली. मावशीच्या सुवाच्य अक्षरात रोज नोंद होती : नऊ, नऊ, साडेनऊ, नऊ. आकडा वरच्या बाजूला म्हणून तिने क्षारांचा रोजचा डोस दोनदा कमीही केला होता.

दुपारच्या सुट्टीत मी स्वतः तपासणी केली. ती सोपी आहे. पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, बाटलीतून एकेक थेंब टाकायचा आणि निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. जितके थेंब तितकी क्षारता.

सातव्या थेंबाला पाणी पिवळं झालं.

"तुझं चुकलं," मावशी म्हणाली. "आण इकडे." तिने केलं. नवव्या थेंबाला पिवळं.

"तुमच्यात शास्त्रज्ञ कोण आहे नक्की?" काकांनी डबा उघडता उघडता विचारलं.

"तुम्ही जेवा हो." तिने खुर्ची पुढे ओढली. "शहाणे, कारण शोधू. बाटली?"

बाटली बदलली. मी सात, ती नऊ. पाणी मोजायची सिरिंज बदलली. मी सात, ती नऊ. खिडकीशी, एकाच उजेडात, एकाच पांढऱ्या कागदासमोर रंग बघितला. रंगाबाबत आमचं एकमत होतं. बाटली तिरकी धरली तर थेंब लहान पडतो, म्हणून दोघींनी ती सरळ उभी धरली. मी सात, ती नऊ.

मावशीचे डोळे चमकत होते. मला मात्र एव्हाना उत्तर कळलं होतं, कारण बाटलीकडे न बघता मी तिच्या मनगटाकडे बघत होते. मी म्हटलं, "जाऊ दे, यापुढे मी येऊन मोजत जाईन."

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे? दोन माणसांचे दोन आकडे येतात आणि तू जाऊ दे म्हणतेस? कॉलेजात हेच शिकवायचीस?" ती बाटलीकडे बघत राहिली. "आता उरला थेंब. माझा थेंब आणि तुझा थेंब सारखा आहे का? तुझ्याकडे तो बारीक काटा आहे ना, पावडर मोजायचा? काढ."

"मावशी—"

"काढ म्हटलं ना."

मी काटा काढला. काट्यावर लहान वाटी ठेवून मी वीस थेंब टाकले. शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव ग्रॅम. वाटी पुसून तिने वीस थेंब टाकले. शहात्तर.

तिने पुन्हा केलं. सत्याहत्तर.

"थेंब टोकाला लोंबतो," ती हळूहळू म्हणाली. मला शिकवत असल्यासारखी बोलत होती, पण बघत होती काट्याकडे. "भरत जातो. पुरेसा जड झाला की सुटतो. माझा भरायच्या आधीच सुटतो. हिसका बसतो त्याला."

काकांनी डबा बंद केला.

"सातच्या ठिकाणी नऊ." तिने कागद घेऊन भागाकार केला. "अगदी बरोबर जमतं. म्हणजे गेले तीन आठवडे हे बिचारे उपाशी होते, आणि मी त्यांचं खाणं कमी करत होते."

"ते सावरतील," मी म्हटलं. "डोस हळूहळू वाढवू. दिवसाला थोडा थोडा."

"ते सावरतील." तिने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि कुणा पेशंटचा असावा तसा तपासला. "मला वाटायचं, मला जाणवतं तेवढंच आहे. कोपर टेकवला की थांबतं, असं वाटायचं. आत्ता टेकवलाच होता ना गं?"

"हो."

"वीस-बावीस टक्के." तिने आकडा कागदावर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या. "दाढेपासून नस किती लांब असते माहीत आहे? कधीकधी दोन मिलिमीटर."

"डॉक्टरीणबाई," काका म्हणाले, "आजच ठरवायला हवं असं नाही."

"अहो, अकरा महिने तुम्हीच तर टोमणे मारताय."

"मारतोय. म्हणून काय लगेच ऐकायचं?"

ती हसली. बाहेरचं दार वाजलं. धाकटी डॉक्टर दुपारच्या पाळीला आली होती. तिने पिशवी खुंटीला लावली, काट्यावरच्या वाटीकडे, वहीकडे आणि आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघितलं.

"काय झालं? मासा मेला का?"

"मासे ठीक आहेत," मावशी म्हणाली. "उद्या सकाळी अकराला एक अक्कलदाढ आहे. आडवी, नसेला लागून."

"हो, एक्स-रे बघितलाय मी. तुमची केस आहे."

"तुला सकाळी यायला जमेल?"

"मदतीला? जमेल की."

मावशीने वही मिटली, टोपण लावून पेन तिच्यावर ठेवलं आणि उभी राहिली.

"मदतीला नाही. दाढ तू काढ. त्या दुसऱ्या जागेला नाही म्हणून कळव, दवाखाना तू चालव. मी आजपासून थांबतेय."