तिकडे लागेल ना गं?

मोबाइलच्या दुकानात ती एरवी फार काटेकोर. परदेशी निघालेलं गिऱ्हाईक आलं की आधी फोनचा मॉडेल नंबर बघायची, मग त्या देशातले बँड. "रेडिओच्या स्टेशनसारखं असतं हे," ती समजावायची. "तिकडचे टॉवर ज्या बँडवर बोलतात, तो तुमच्या फोनला ऐकूच येत नसेल, तर सिम सोन्याचं घातलं तरी उपयोग नाही."

त्या दुपारीही एका गृहस्थांचा फोन तपासून तिने मान हलवली. "नाही चालायचा, काका. तिथले मुख्य बँडच यात नाहीत. हा इथेच ठेवून जा आणि..."

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. देश तोच, फोनही तोच. कपाटात पडून राहिलेला असाच एक तिने आत्याच्या हातात ठेवला होता, आणि आत्या सकाळीच विमानात बसली होती. लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती.

"तिकडे लागेल ना गं?" आत्याने विचारलं होतं. समोर गिऱ्हाईक उभं होतं. मान वर न करता ती म्हणाली होती, "लागेल की! न लागायला काय झालं?" आत्याने पुन्हा विचारलं नाही. गिऱ्हाइकं भांडायला परत येतात; आत्या कशाला येणार होती?

अजून वेळ हातात होता. आतेबहिणीला एवढं कळवलं असतं, की आईचा फोन लागणार नाही, बाहेर यायच्या दारातच उभी राहा, तरी भागलं असतं. तिने नंबर काढला. पण ताई काय म्हणेल? घरातली एवढी मोबाइलवाली, आणि माझ्या आईलाच असला फोन? अंगठा मागे आला. देवाच्या मनात असेल तर लागेलही. आपली चूक देवाच्या गळ्यात घालताना तिला कसंसंच झालं, तरी फोन तिने खिशात टाकला.

संध्याकाळी ताईचाच फोन आला. "पोचली बाई एकदाची! ही एका दाराशी, मी भलत्याच दाराशी. हे पोट घेऊन अख्खं विमानतळ पालथं घातलं, पायांचे भोपळे झालेत नुसते. हिने काय दाबून ठेवलंय कुणास ठाऊक! माझ्या थोरल्याला बागेत न्यायला म्हणून बोलावलं, पण आता कसली एकटीला पाठवतेय. तो राहील बाजूला, हीच हरवायची!"

मागून आत्याचा बारीक आवाज आला. "मलाच कळत नाही गं त्या यंत्रातलं. पोरीने चांगला बघून दिला होता." मग फोन आत्याच्या हातात गेला असावा. "बाळा, मनाला लावून घेऊ नकोस हं. माझाच हात लागला असेल कुठेतरी."

चांगला बघून दिला होता! ऐकून तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आत्या, तुझा हात कुठेही लागलेला नाही. तो फोन तिकडे चालतच नाही. मी बघितलाच नव्हता."

पलीकडून आत्या आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "असू दे. हिला नको सांगूस. दमलीये, तुला काहीबाही बोलेल. मला काय, सवय आहे."



"फोन ताईकडे दे, आत्या."

"अगं, पण कशाला..."

"दे ना."

ताई आली. "हं, सांग. कुठलं बटण दाबायचं?"

"बटण नाही गं ताई," ती म्हणाली. "चूक माझी आहे, आत्याची नाही. आणि मला दुपारीच कळलं होतं."