रूपाच्या अभंगाची चाल

माझ्या सासूबाईंना, ठमाबाईंना, सिनेमा या शब्दाचाच विटाळ. जन्मात एक सिनेमा पाहिलेला नाही, आणि ते त्या दागिना मिरवावा तसं मिरवतात. कळंबच्या आमच्या महिला भजनी मंडळात त्या मध्ये बसणार आणि त्या सांगतील तेच आम्ही गाणार, हा जुना कायदा. बारामतीच्या भजन स्पर्धेसाठी मी एक गौळण सुचवली होती. चाल गोड, बायकांनी लगेच उचलली. सासूबाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि टाळ खाली ठेवले.

"सिनेमाची चाल हाय ही. देवाम्होरं असलं गायचं व्हय? तुज्या माहेरी गात असतील."

माहेरापर्यंत जायची काही गरज नव्हती. पण तिथपर्यंत गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

स्पर्धेचा नियमही त्यांच्याच बाजूचा निघाला. सिनेमाच्या चालीवर गाणारं मंडळ बाद. झालं, माझी गौळण गेली. आता भजनाची सुरुवात रूपाच्या अभंगानं. आधी देवाचं रूप गायचं, मग बाकीचं. तो अभंग कोणत्या चालीत घ्यायचा हे विचारायची कुणाची छाती नव्हती. निमगाव केतकीचे तात्याबा, म्हणजे सासूबाईंचे वडील, त्यांनी मोट हाकता हाकता बांधलेली चाल. सासूबाई ती लहानपणापासून गात आल्या. आता वर जाताना त्यांचा आवाज फाटतो, दम पुरत नाही. "येकदा बारामतीच्या मंडपात तात्याची चाल गायली, की मी मधली जागा सोडली," असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

स्पर्धेच्या दिवशी आमची जीप भवानीनगरला उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकली. मी चहा सांगायला टपरीवर गेले. टपरीवाल्यानं साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून जुना, काळा-पांढरा सिनेमा लावला होता. होडीत बसलेली एक नटी मान वेळावत गात होती. आणि चाल आमच्या रूपाच्या अभंगाची होती.

मला वाटलं, भास झाला. मनातल्या मनात आमचे शब्द घालून पाहिले, तर एकही अक्षर कुठं अडलं नाही. सासूबाई जिथं दम घेतात, तिथंच ती बया दम घेत होती.

"कवाचा ओ हा सिनेमा?" मी विचारलं.

"आमच्या बापाच्या टायमाचा. जत्रंत तंबूत लागायचा."

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. माहेर काढलं होतं ना माझं! मी ते गाणं शोधून माझ्या मोबाईलवर ठेवलं आणि चहाचे कप घेऊन वळले. सासूबाई पुढच्या सीटवर नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. मांडीवर टाळ, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. त्या तात्याबांचीच चाल घोळवत होत्या; मी मोबाईल पदराआड केला.

जीप सुटल्यावर मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "आत्या, रूपाचा तो दुसरा अभंग घ्यायचा का? सगळ्यांना येतो. आवाजालाबी सोपा हाय."

"माजा आवाज काढतीस?" त्या मागं वळल्या. "मधी बसायची यवडी घाई झाली तुला?"

पखवाजवाल्या कौसल्याकाकूंनी मला कोपरानं गप्प केलं. बारामती येईपर्यंत मी आतल्या आत उकळत होते. सांगावं तर ही बाई मोडून पडेल, न सांगावं तर भर मंडपात तिच्या बापाची अब्रू जाईल.

मंडपात आम्ही टेकलो आणि समोर तेच घडलं. एका मंडळाचा अभंग रंगात आला असताना मधल्या परीक्षकबुवांनी घंटी वाजवली. "चाल चित्रपटातली आहे. मंडळ बाद." लाऊडस्पीकरवर, साऱ्या गर्दीसमोर. त्या बायका पदर तोंडाला लावून उठल्या.

"बरं झालं," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "लाज वाटाया पायजे."

पुढचं मंडळ गायला बसलं. त्यानंतर आम्हीच. मी सासूबाईंचा हात धरला, त्यांना मंडपामागं पाण्याच्या टँकरपाशी ओढत नेलं आणि मोबाईल त्यांच्या कानाला लावला.

"ह्ये काय लावलंस..." म्हणत त्यांनी हात उगारला. तो तसाच राहिला. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग टँकरच्या चाकाला टेकून खाली बसल्या.

"जत्रंत तंबू आला हुता," त्या म्हणाल्या. "मी ल्हान. कनातीला कान लावून ह्येच ऐकत हुते. चुलत्यानं बघितलं. झिंज्या धरून घरापतुर वढत न्हेलं. पुढं जरा गुणगुणलं तरी आई लाटणं उचलायची."

"आन मग?"

"मग येक दिस तात्या म्हणला, ठमे, बस हितं. नवी चाल बांधलीया. देवाच्या अभंगाची हाय, आता तुला कोण गप करतंय बघू." त्यांनी मोबाईलकडं पाहिलं. "त्याच्या तोंडून ऐकून ऐकून त्यो तंबू मी पार इसरले. नंदिनी, तात्या माळकरी माणूस गं. सगळी चाल उचलायची म्हंजी येकदा बसून भागलं नसंल. त्या तंबूत किती येळा जाऊन बसला आसंल माज्यापायी!"

त्या रडत होत्या. मीही. तेवढ्यात आतून पुकारा आला: कळंबचं मंडळ.

"आत्या, दुसरा घेऊ या," मी म्हटलं. त्यांनी डोळे पुसले, जाऊन मधल्या जागेवर बसल्या. पेटीनं सूर धरला. त्या काय गाणार हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी माईक जवळ ओढला. "रूपाचा अभंग. चाल सिनेमाची हाय."

कौसल्याकाकूंचा हात पखवाजावरच थांबला. मंडपात खसखस पिकली.

"बाई, नियम ठाऊक आहे ना? बाद व्हाल," बुवा म्हणाले.

"व्हय. मगाशी त्या बायांना मीच हसले, आता मला हसा. करा बाद. पर ही चाल बापानं लेकीसाठी आणलीया. ती हितं गायल्याबिगर मी उठणार न्हाय."

बुवांनी शेजारच्या दोघांकडं पाहिलं आणि घंटी वाजवली. मग ती टेबलाखाली ठेवून म्हणाले, "आता गा."

त्या गायल्या. वरच्या जागेला आवाज फाटलाच, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरून मला मध्ये ओढलं आणि ती ओळ मी उचलली. खसखस कधीच थांबली होती.

परतीच्या वाटेवर भवानीनगर मागं पडल्यावर सासूबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि माझ्यापुढं हात केला.

"ती होडीवाली लाव पुन्यांदा. बघू दे, तात्यानं काय बघितलं हुतं."