स्टील गिटार : व्हर्लन टिडवेल

“अहो, किती विनयशील आहात तुम्ही!” तबकड्या काढणाऱ्या कंपनीतली बाई फोनवर म्हणाली, आणि व्हर्लन टिडवेलने कपाळाला हात लावला.

“बाई, विनय नाही हो. त्या दिवशी मी स्टुडिओत नव्हतोच. मासे धरायला गेलो होतो.”

“पण हजेरीच्या कागदावर सही तुमची आहे.”

“सही माझी. वाजवणं डुईचं.”

बाई गोड हसली. तबकड्या छापून झाल्या होत्या.

पन्नास वर्षांपूर्वी मार्सी डेलॉर्ड नावाची न्यूयॉर्कची पॉप गायिका नॅशव्हिलला येऊन कंट्री गाणी गाऊन गेली. तेव्हा पॉपवाल्यांना ती गावंढळ वाटली आणि गावकऱ्यांना शहरी. आता तीच तबकडी जाडजूड रूपात पुन्हा निघाली होती, आणि तिच्यातल्या स्टील गिटारच्या सोळा मात्रांवर तरुण पोरं जीव टाकत होती. त्या वाजवल्या डुई हार्गिसने. तो तेव्हा वादकांच्या युनियनमधून निलंबित. परवानगी नसलेल्या स्टुडिओत वाजवताना सापडला होता. म्हणून कागदावर आपलं नाव दिलं व्हर्लनने. या गावात शेजाऱ्याला शिडी द्यावी तसं वादक एकमेकांना नाव देत. शिडी परत येई, एवढाच फरक.

डुई जाऊन अकरा वर्षं झाली. त्याची बायको मेलीन चर्चमध्ये सगळ्यांना सांगत आली होती, ते वाजवणं माझ्या नवऱ्याचं. आता तिथल्या बायकांनी चष्मे लावून वेष्टनाची मागची बाजू वाचली; नाव व्हर्लनचं.

“ओपल म्हणते, म्हातारपणी होतं गं असं,” मेलीन व्हर्लनला म्हणाली. “तुझ्यावर राग नाही रे माझा. पण पन्नास वर्षं थापा मारल्यासारखी बसते मी त्यांच्यात.”

व्हर्लन वर्तमानपत्राकडे गेला. तिथे मथळा आला : ‘श्रेय नाकारणारा थोर वादक’. सोबत फोटो.

मग त्याला शेवटची युक्ती सुचली. चर्चच्या जेवणावळीला त्याने आपलं वाद्य नेऊन मांडलं. त्या सोळा मात्रा त्याला जन्मात जमल्या नव्हत्या. चारचौघांत फजिती झाली की लोकांना आपोआप कळेल.

फजिती उत्तम झाली. पाचव्या मात्रेला सूर घसरला, नववीला पायाने दाबायची पट्टी चुकली, पुढे तर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं झालं. व्हर्लन समाधानाने थांबला.

“बघितलंत? हे मला कधीच येत नव्हतं!”

मग पाद्रीबाबा उठले. “बोटं थकली, पण मन बघा केवढं!”

सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ओपलने कोंबडीचं तंगडं खाली ठेवून डोळे पुसले.

मेलीन तेवढी बसून होती. गर्दी पुडिंगकडे वळल्यावर ती त्याच्याजवळ आली.

“नववी मात्रा डुईलाही महिनाभर छळत होती,” ती हळूच म्हणाली. “शेजारी भिंत ठोकायचे.”

“मेलीन, मी अजून कुणाला तरी...”

“पुरे आता. उचल.”

तिने वाद्याच्या पेटीची जड बाजू धरली. दोघं दर दहा पावलांवर थांबत, श्वास घेत, ती गाडीपर्यंत घेऊन गेली.