स्वेटरांखालची निळी फाईल

मित्रांनो, मी एक जुनी निळी फाईल आहे. जुनी म्हणजे फार नव्हे, पाच वर्षांची. पण सगळी वर्षे कुलपात काढली की कुणालाही म्हातारपण येते.

माझा जन्म एका दवाखान्यात झाला. तिथे एका मुलीची तीन दिवस तपासणी चालली होती. गोष्ट ऐकवली की तिच्या सगळी ध्यानात राहायची, पण तीच वाचायला दिली की अक्षरे तिच्याशी भांडण काढायची. डॉक्टरीणबाईंनी सोळा पाने लिहून माझ्या पोटात घातली आणि तिच्या आईला बजावले, "हे जपून ठेवा. कॉलेजला जाताना लागेल." परीक्षेत जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारा माणूस, हे सारे माझ्या जोरावर मिळणार होते. मला तर आभाळ ठेंगणे झाले.

आईने जपले, म्हणजे किती! ती औषधांच्या दुकानात काम करायची. तारीख बघितल्याशिवाय एक गोळीही गिऱ्हाइकाच्या हाती न देणारी बाई. तिने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जाड स्वेटरांखाली दडवले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. शेजारीपाजारी बोभाटा होऊ नये, एवढाच तिचा हेतू. मुलीलाही तिने मला कधी दाखवले नाही, की तपासणीत काय निघाले ते सांगितले नाही; पोर खचेल अशी तिला धास्ती.

आत माझा जीव गुदमरायचा. बाहेर मुलगी पुस्तक घेऊन बसायची, ओळीओळीला अडखळायची आणि शेवटी पुस्तक मिटून पुटपुटायची, "मी ढ ती ढच." उत्तर माझ्या तिसऱ्या पानावर होते. पण मी ओरडणार कशी? नुसती घुसमटत पडून राहायचे.

अखेर कॉलेजचा अर्ज भरायची वेळ आली. मायलेकी मला घेऊन कचेरीत गेल्या. तिथल्या बाईंनी वरची तारीख बघितली आणि सांगितले की अहवाल तीन वर्षांच्या आतलाच चालतो. आई पांढरीफटक पडली. कागदालाही मुदत असते, हे तिच्या डोक्यातच आले नव्हते.

बाईंनी धीर दिला. नवा अहवाल मागाहून दिला तरी चालणार होता, पण अर्जात आपली अडचण मुलीनेच सांगायला हवी होती. मुलीला ती ठाऊकच नव्हती. मग बाईंनी माझे तिसरे पान वाचून दाखवले: बुद्धी उत्तम, ऐकलेले पक्के लक्षात राहते, वाचनाचा वेग तेवढा कमी.

"हे माझ्याबद्दल आहे?" मुलीने विचारले. मग आईकडे वळून हळूच म्हणाली, "पाच वर्षं तुला माहीत होतं?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं."

"मला रोजच वाटत होतं, आई."

नंतर तिने आपली अडचण स्वतःच्या शब्दांत सांगितली आणि बाईंनी ती लिहून घेतली.

आता नवी फाईल आली आहे. कचेरीत तीच चालते, मी कामातून गेले. तरीही माझे एवढे ऐका. मला जपा, पण कोंडू नका. ज्याची हकीकत माझ्यात आहे, त्याच्या हाती मला आधी द्या. कोपरे दुमडले, चहाचे डाग पडले तरी माझी तक्रार नाही.

मुलीने मला तिच्या टेबलावर ठेवले आहे. तिसरे पान ती ओळीखाली बोट धरून स्वतः वाचते. परवा आई शेजारी बसली होती. मुलगी एका शब्दावर अडली. तो शब्द आईच्या अगदी ओठांवर आला होता. पण तिने तो गिळला आणि लेक वाचेपर्यंत ती थांबून राहिली.