सातव्या कड्यावरचे पाय

बाईंची उभी हयात वाणी किड्यांत गेली, आणि त्यातली निम्मी ‘ही गोम नव्हे’ हे लोकांना पटवण्यात. गोम चावते, वाणी बिचारी हात लावला की वेटोळं करून गप्प पडते. इतकं साधं. पण ते घरच्या नवऱ्यालाच कधी कळलं नाही, तिथे बाहेरच्यांचं काय घेऊन बसलात?

निवृत्तीनंतर जिवाला एकच घोर उरला होता. जुन्या दगडखाणीत सापडलेली तांबूस पट्ट्याची वाणी नव्या जातीची आहे, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. सिद्ध करायला मात्र प्रौढ नर हवा, कारण जात ठरते ती नराच्या अंगाच्या सातव्या कड्यावरच्या वळणदार पायांवरून. आणि हाती लागल्या त्या सगळ्या माद्या. “नर कुठे तडमडतात कोण जाणे,” बाई करवादायच्या. अखेर एक पिल्लू मिळालं. सातव्या कड्यावर पायांऐवजी नुसते कोंब, म्हणजे नर. शेवटची कात टाकली की काम फत्ते. दुसरा मिळायची आशा नव्हती. एव्हाना खाण बुजवून तिथे गोदाम झालं होतं.

पिल्लू डब्यातल्या मातीत खोली करून आत बसलं. डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, उबेला.

“कात टाकताना धक्का लागला की मरतं ते,” बाईंनी नवऱ्याला बजावलं. “उकरायचं नाही, हलवायचं नाही, जवळ काही आपटायचं नाही. कळलं का तुम्हाला?”

“त्या गोमेपायी मी माझ्याच घरात चवड्यांवर चालू?”

“वाणी.”

“तेच ते.”

बाईंनी कपाळावर हात मारला.

त्यात विभागप्रमुखांचे फोन. एकेकाळचा बाईंचाच विद्यार्थी. “बाई, जातींची सूची शुक्रवारी छापायला जातेय. तुमची जात घालू की गाळू?”

“जरा दम धर की.”

“मी धरीन हो, छापखाना धरत नाही.”

मातीत काही हालचाल दिसेना. मेलं तर नसेल? गुरुवारी नवरा केस कापायला गेला आणि बाईंना राहवेना. चमचा घेतला. फक्त कडेची माती जराशी बाजूला करायची होती. खोलीचं छत धसकन आत बसलं.

भिंगाखाली ते नुकतीच कात टाकलेलं, दुधासारखं पांढरं आणि मऊ होतं. सातव्या कड्यावर पाय आले होते, दोन्ही. चिमटा लागताच त्यांची वळणं चेपून सपाट झाली. बाईंना स्वतःचा इतका संताप कधीच आला नव्हता.

फोन वाजला. “गाळ,” म्हणून त्यांनी तो ठेवून दिला.

नवरा परतला तेव्हा उघडा डबा समोर घेऊन बाई बसल्या होत्या.

“मीच उकरलं,” त्या म्हणाल्या.

एरवी चार शब्द सुनावणारा माणूस गॅलरीत गेला, तिथून मिक्सर उचलून आणला आणि ओट्यावर डब्याशेजारी ठेवला.

“आता इथे लावायला हरकत नाही,” तो म्हणाला. “वाणीला हादरे बसतील म्हणून बाहेर लावत होतो.”

मिक्सर जागेवरून हलला होता, हे बाईंच्या ध्यानातही आलं नव्हतं.